आईची पोथी आणि बाबांचा पखवाज

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तसा आधी थोडक्यात मांडते, काही चुकलं असेल तर सांगा. आठ महिन्यांपूर्वी तुमचा सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून आई पहाटे साडेचारला उठून पोथी घेऊन बसते, संध्याकाळी पुन्हा बसते. रोजचे चार-पाच तास त्यातच जातात. बाबांनी तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. तो आता खोळ घालून खुंटीला टांगलाय आणि देवघराकडे ते बघतसुद्धा नाहीत. मामा म्हणतात आईला डॉक्टरकडे न्या, आत्या म्हणतात त्र्यंबकेश्वरला विधी करा. तुम्ही स्वतः देव मानत नाही, आणि तुमचा प्रश्न असा आहे की श्रद्धेनं माणूस खरंच सावरतो का, की ती दुःखापासून पळवाट आहे. आईला थांबवू का?

घरातले सगळे आईच्या मागे लागलेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला बाबांची काळजी जास्त वाटते. आईचीही वाटते, पण पोथीच्या तासांमुळे नाही. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहून पुढे गेलात: भाऊ जायच्या आदल्या आठवड्यात आईचं पारायण चालू होतं, चौथ्या दिवशी ताप आला म्हणून खंड पडला, आणि 'ते ती अजून बोलून दाखवते'. माझ्या दृष्टीनं तुमच्या आख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, चोवीस वर्षं जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ घरांत देवघर असतं, आणि बहुतेक जण माझ्याआधी कुठेतरी नारळ ठेवून आलेले असतात. तुमच्या आईबाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खाली जे सांगते आहे ते निदान नाही. काय बघायचं आणि कशावरून ठरवायचं, एवढंच दुरून सांगता येतं.

आधी माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक वयस्कर बाई मुलीबरोबर आल्या होत्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, जेवण कमी, बोलणं कमी, हातात सतत तुळशीची माळ. दिवसभर जप. मला वाटलं, यात गुंतून त्या माणसांपासून तुटत चालल्या आहेत. मी औषध सुरू केलं आणि मुलीला सांगितलं, माळ जरा बाजूला ठेवायला लावा, त्यांना टीव्हीसमोर, लोकांत बसवा. मुलीनं माझं ऐकलं. दोन महिन्यांनी ती एकटीच आली. आईनं माळ ठेवली होती खरी, पण आता ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि 'डॉक्टरीणबाईंनी तेवढंही काढून घेतलं' म्हणायची. त्या बाईंनी दुखण्यात धरलेला कठडा मी आजार समजले होते. माळ परत दिली, औषध चालू ठेवलं, आणि पुढे त्या हळूहळू उठून स्वयंपाकघरात येऊ लागल्या. तेव्हापासून माणसाच्या हातातलं असं काहीही काढून घ्यायच्या आधी मी विचारते, हे धरल्यावर तुम्हाला काय होतं?

या विषयावर अभ्यासही बराच झालाय. अमेरिकेत ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात केनेथ पार्गमेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यात आयुष्य घातलं. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. माणूस धार्मिक आहे की नाही, हे सोडून संकटात तो आपल्या श्रद्धेचं काय करतो ते पाहायचं. त्यासाठी त्यांच्या गटानं केलेली एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. चौदा वाक्यं. त्यातली सात 'देव माझ्या सोबत आहे, त्याच्या मदतीनं मी यातून वाट काढीन' या धर्तीची, आणि सात 'देवानं मला टाकलं, ही माझ्या पापाची शिक्षा आहे' या धर्तीची. २००५ साली एकूण ४९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. पहिल्या तऱ्हेनं श्रद्धेचा आधार घेणारे मानसिकदृष्ट्या बरे सावरलेले दिसले. दुसऱ्या तऱ्हेत अडकलेल्यांमध्ये उदासी, चिंता जास्त दिसली. हा संबंध फार जबर नाही, पण पुन्हा पुन्हा दिसणारा आहे. अर्थात हे अभ्यास मुख्यतः तिकडच्या ख्रिस्ती समाजातले. आपल्याकडे यात प्रारब्ध येतं, पितर येतात, कुळाचार येतो. तरीही मूळ मुद्दा मला माझ्या खोलीत रोज दिसतो.

प्रारब्धाचंच बघा. 'त्याचं आयुष्य तेवढंच लिहिलेलं होतं' असं म्हणणारी आई रडते, पण तिच्या छातीवरचा दगड थोडा हलतो, कारण अपघात आपल्या हातात नव्हता हे तिनं कुठेतरी मान्य केलेलं असतं. 'माझ्या हातून काहीतरी पाप घडलं म्हणून तो गेला' असं म्हणणारी आई तोच कर्माचा सिद्धांत धरून स्वतःला रोज फासावर देते. पोथी तीच, देव तोच, उदबत्तीही तीच.

म्हणून तुमच्या आईचे तास मोजू नका. तिच्याजवळ बसा आणि सवडीनं, परीक्षा घेतल्यासारखं न करता, दोन-तीन गोष्टी जाणून घ्या. पोथी मिटल्यावर तिला कसं वाटतं? हलकं वाटत असेल, चहा करावासा वाटत असेल, शेजारणीशी दोन शब्द बोलावंसं वाटत असेल, तर पोथी तिला सावरते आहे. पोथी मिटल्यावर 'आज नीट झालं ना, एखादी ओवी सुटली तर नाही?' ही धडधड सुरू होत असेल, पानं उलटून ती पुन्हा मागे जात असेल, विटाळाच्या शंकेनं पुन्हा पुन्हा हात धूत असेल, तर ते वाचन तिला दमवतंय. आणि एखाद्या दिवशी वाचन राहिलं तर काय होईल असं तिला वाटतं? 'चुकल्यासारखं वाटेल' हे उत्तर वेगळं आणि 'आता तुझ्या बाबांना काहीतरी होईल' हे उत्तर वेगळं. दुसरं उत्तर आलं तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्या. भीतीनं चालणारं कर्मकांड ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, वाटेनं जाऊ शकतं, आणि त्याला चांगले उपचार आहेत.

खंड पडलेल्या पारायणाबद्दल मात्र तुम्ही एकट्यानं तिची समजूत घालायला जाऊ नका. 'असं काही नसतं गं आई' हे तुमच्या तोंडून ऐकून उपयोग नाही, कारण तुम्ही देव मानत नाही हे तिला ठाऊक आहे. हे सांगायला तिच्याच वाटेवरचं माणूस लागतं. माझ्याकडे अशीच एक आई होती, तिच्या मुलाच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. घाटावर भाताचा पिंड ठेवलेला, तास उलटून गेला, ऊन चढलं, पातेल्यातलं दूध नासलं. एकेकानं पुढे होऊन हात जोडून सांगितलं, तुझ्या बायकोला सांभाळू, तुझं कर्ज फेडू. कावळा कठड्यावर बसून होता, खाली येईना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. सगळे घरी गेले, ही बाई मनानं घाटावरच राहिली. त्याची कुठलीतरी इच्छा राहिली आणि ती मला कळली नाही, म्हणजे आई म्हणून मी कमी पडले, हा हिशेब तिनं सहा महिने कोणालाही सांगितला नाही. मला सांगितला तेव्हा मी उत्तर द्यायचं टाळलं. तिच्या संमतीनं त्याच भटजींना फोन लावला. ते आले, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, दर्भाचा कावळा शास्त्रातच सांगितलाय. का सांगितला असेल? कावळा न येणं हे पूर्वीपासून घडतंच आलंय. तुमच्या मुलाला सगळं पोहोचलं." माझ्या औषधानं तिची झोप सुधारली होती. पण तो घाट सुटला तो त्या वाक्यानं.

तुमच्या आईच्या बाबतीत ते माणूस कोण, हे तुम्हीच ओळखा. तिला पोथी शिकवणाऱ्या कोणी वडीलधाऱ्या बाई असतील, मंदिरातले गुरुजी असतील. पण आधी त्यांच्याशी स्वतंत्र बोलून घ्या. आजारपणात पडलेल्या खंडाला दोष नसतो, तापल्या अंगानं बसलीस त्यातच तुझी सेवा रुजू झाली, असं सांगणारं माणूस हवं. 'प्रायश्चित्त घ्यावं लागेल' म्हणणारं माणूस आईच्या आसपास फिरकू देऊ नका.

आणखी एक साधी गोष्ट. आई साडेचारला उठते हे कळलं, झोपते किती वाजता? अकराला पडून साडेचारला उठणाऱ्या साठीच्या बाईची झोप पुरत नाही, आणि अपुऱ्या झोपेवर कुठलंही दुःख दुप्पट जड होतं. बीपीची गोळी ती पोथी होईपर्यंत, किंवा गुरुवारी उपास सोडेपर्यंत थांबवते का, तेही बघा. मी तर उपासाचे दिवस विचारूनच गोळ्यांच्या वेळा ठरवते. माझा एक बायपोलरचा, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी येणाऱ्या आजाराचा, रुग्ण दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जातो, लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे. मी त्याला कधी जाऊ नको म्हटलं नाही. निघायच्या आधी रक्तातली लिथियमची पातळी तपासते, पाणी आणि मीठ अंगातून कमी होऊ द्यायचं नाही हे पुन्हा सांगते, आणि पाय दुखले म्हणून वाटेत कोणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी दिली तर घ्यायची नाही हे चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवते, कारण त्यानं लिथियम रक्तात साचू शकतं. ती वीस दिवसांची वाट त्याला वर्षभर पुरते. औषध आणि श्रद्धा यांची अशी नीट बसून सांगड घालावी लागते.

आता बाबा. देवावर रागावणं हा आजार नाही, आणि तो श्रद्धेचा शेवटही नाही. तुमच्या बाबांनी ज्या परंपरेत पखवाज वाजवला, त्या परंपरेत जनाबाई विठ्ठलाला 'अरे विठ्या' म्हणून एकेरीवर येते, त्याला शिव्याशाप देते, आणि हे अभंग वारकरी आजही टाळमृदंगावर म्हणतात. बाबांच्या हाताखालून ते कितीदा गेले असतील. 'त्यानं माझंच पोर का नेलं' हा प्रश्न विचारायची मुभा त्यांना त्यांच्याच घराण्यानं दिलेली आहे. तेव्हा घरात कोणी 'असं बोलू नये, पाप लागेल' म्हणत असेल तर त्याला थांबवा. ते वाक्य बाबांना गप्प करतं, आणि गप्प बाप मला रागावलेल्या बापापेक्षा जास्त घाबरवतो.

पण इथे काळजी घ्यायला जागा आहे. पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांपुढच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षं पाठपुरावा केला होता, ते काम २००१ साली प्रसिद्ध झालं. देवानं आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात त्या दोन वर्षांत मृत्यूची शक्यता जास्त आढळली, आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनसुद्धा. याचा अर्थ देवावर रुसलं की माणूस मरतो असा मुळीच नाही, ती माणसं आधीच रुग्ण होती. पण त्याच गटाच्या पुढच्या कामात एक बारकावा दिसला. सगळ्यात जास्त खालावले ते दोन वर्षं त्याच ठिकाणी अडकून राहिलेले. मधे कधीतरी रागावून पुढे सरकलेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून मी रागाकडे बघताना विचारते, हा राग वाहतोय की गोठलाय? बाबा कधी भडकतात, कधी रडतात, कधी भावाची आठवण काढून हसतातही, असं असेल तर तो वाहतोय. रोज रात्री ओसरीवर तसंच बसणं, कोणाशी न बोलणं, ताटातलं अन्न परत जाणं, शेतात लक्ष नसणं, हे महिनोन्महिने एकाच तऱ्हेनं चाललं असेल तर तो गोठलाय.

शिवाय बाबांचं दुहेरी नुकसान झालंय, तिकडे घरात कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. मुलगा गेला आणि पाठोपाठ मंडळही सुटलं. तीस वर्षं दर एकादशीला ज्यांच्याबरोबर रात्र जागवली, तेच त्यांचे सगळे मित्र. श्रद्धेचा जो फायदा आपण मोजतो त्याचा मोठा वाटा या माणसांचाच असतो, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. आईजवळ पोथी तरी आहे. बाबांजवळ देवही नाही आणि माणसंही नाहीत.

त्यामुळे बाबांना देवघरात बसवायचा आग्रह नको. मंडळातल्या एकदोघा जुन्या मित्रांना संध्याकाळी घरी बोलवा. पखवाज उतरवायचा विषय काढायचा नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवा. नुसतं ओसरीवर बसायचं, तंबाखू मळायची, पिकाचं बोलायचं, आणि बाबांनीच विषय काढला तर मुलाचं बोलायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. आपल्याकडे तेराव्यानंतर लोक येणं बंद करतात. वर्षभर सण नाहीत, वर्षश्राद्धापर्यंत घर दुखवट्यात आहे हे सगळ्यांना मान्य असतं. ही रूढी माणसाला दुःख करायला उसंत देते, म्हणून ती मला मोलाची वाटते. पण त्याच वर्षात येणंजाणंही थांबतं, आणि पुरुष एकटे पडतात.

आत्या म्हणतात त्या त्र्यंबकेश्वरच्या विधीबद्दल. अपमृत्यूनंतर नारायण नागबळी करण्याची पद्धत आहे, तीन दिवस लागतात, खर्चही बराच येतो. आईची मनापासून इच्छा असेल, कर्ज काढावं लागणार नसेल, आणि सगळं कुटुंब एकत्र जाणार असेल, तर मी विरोध करणार नाही. एकदा करून 'त्याच्यासाठी करायचं ते केलं' असं वाटणं हीदेखील मोठी गोष्ट असते. पण बाबांना ओढून नेऊ नका. आणि एक झालं की दुसरा दोष, मग तिसरी शांत, असं कोणी सांगू लागलं किंवा 'गोळ्या बंद करा, मग गुण येईल' म्हणालं, तर त्या दारातून त्याच पावली परत फिरा. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ, उपचारांऐवजी साखळदंडात ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. त्यांना पळताच आलं नाही. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू करत होते, ती बातमी मी विसरलेले नाही. आणि गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात पुढे 'दवा-दुआ' असा उपक्रम सुरू झाला. तिथले मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, दुआ करतात आणि आजाराची लक्षणं दिसली की तिथेच बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवतात. हे मला पटतं.

दोघांनाही डॉक्टरकडे न्यायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीत लांबलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांनंतर करता येतं, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेत प्रौढांसाठी बारा महिन्यांनंतर. तुम्ही दोन्हींच्या मधे आहात. माझा स्वतःचा निकष महिन्यांचा कमी आणि कामाचा जास्त असतो: जेवण, झोप, अंघोळ, रोजचं काम, माणसांशी बोलणं, यांतलं काय आणि किती बंद पडलंय? बाबांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी बंद पडलेल्या दिसतात, म्हणून त्यांना मी आधी बघेन. 'मनाच्या डॉक्टरकडे चला' म्हटलं तर ते येणार नाहीत. 'झोप नाही, वजन उतरलंय, दाखवून येऊ' म्हणून आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, ते पुढे पाठवतील.

आणि हे मात्र आजच करा. बाबांना सरळ विचारा, "तुम्हाला जगू नयेसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, असलेला बाहेर पडतो. 'त्याच्याकडेच जायचंय' किंवा असं काही उत्तर आलं, तर त्यांना एकटं ठेवू नका, शेतीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवा, आणि त्याच दिवशी दाखवा. रात्र असेल, डॉक्टर हाताशी नसतील, तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

शेवटी तुमच्याबद्दल, कारण प्रश्नात तुम्ही स्वतःविषयी फक्त 'मी देव मानत नाही' एवढंच लिहिलंत. भाऊ तुमचाही गेलाय. आईला पोथी आहे, बाबांना राग आहे, तुमच्याजवळ काय आहे? देव न मानणारी माणसंही उत्तम सावरतात. त्यांना मैत्री, काम, गेलेल्याच्या नावानं केलेलं एखादं ठोस काम हात देतं. आईजवळ पोथीच्या वेळी बसायला तुम्हाला देव मानावा लागणार नाही. पहाटे उठवत नसेल तर संध्याकाळी समई लावताना शेजारी बसा, वाती वळून द्या. वाचन झाल्यावर ती पोथीला रुमाल बांधते तेवढा वेळ हातात चहा घेऊन थांबा. बहुतेक बाया त्या दोन मिनिटांत बोलतात.

बाबांची झोप किती तासांची आहे, वजन किती उतरलंय आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला ते काय म्हणाले, हे लिहून कळवा. पुढचं त्यावरून सांगते.